नोंदीची कुळकथा

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे गेलं की ते आधी दोन प्रश्न विचारतात : गाव कोणतं, आडनाव काय? मग फडताळातून एक लांबट वही निघते, पानं उलटली जातात आणि आपल्या पणजोबांनी कधी काळी येऊन केलेली सही समोर येते. बरोबर कोण आलं होतं, घरात मुलं किती, त्यांची नावं काय, सगळं तिथे असतं. घरात कुणाला आठवत नाही ते त्या वहीला ठाऊक असतं. आपण उठण्याआधी उपाध्ये ती वही आपल्यापुढे सरकवतात. गेल्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं, कोण वारलं ते आपण सांगायचं, खाली सही करायची, तारीख घालायची. पुढच्या पिढीतलं कुणी आलं, तर त्याच्यासाठी.

आज संशोधनाला बसलेला विद्यार्थी गूगल स्कॉलरच्या चौकटीत दोन शब्द टाकतो, तेव्हा तोही अशीच एक वही उघडत असतो. ती क्षणात उघडते, म्हणून ती कुणी लिहिली हे आपल्या मनात येत नाही. प्रत्यक्षात त्या चौकटीमागे जवळजवळ पाचशे वर्षं नोंदी करत बसलेली माणसं आहेत. त्यांचा माग काढत गेलं की या साधनाचं बळ कशात आहे ते कळतं, आणि मराठीतून संशोधन करणाऱ्याला ते अर्ध्या वाटेवर का सोडून देतं तेही कळतं.

कात्री, चिठ्ठी, पत्ता

झुरिकच्या कॉनराड गेसनरने १५४५ साली एक सूची छापली. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांत लिहिणारे सुमारे तीन हजार लेखक आणि त्यांचे दहा हजारांवर ग्रंथ तिच्यात होते. छापखाना येऊन शंभर वर्षंही झाली नव्हती आणि एवढ्यातच काय छापलं गेलंय याचा हिशेब लागेनासा झाला होता. गेसनरने आपली रीतही पुढे लिहून ठेवली. वाचताना सापडेल ते कागदाच्या एका बाजूला लिहीत जायचं, मग एकेक नोंद कात्रीने कापून सुटी करायची आणि हव्या त्या क्रमाने लावायची. नोंद सुटी झाली की ती हलवता येते, मधे नवी घालता येते. पुढच्या सगळ्या यंत्रांचं बीज या कात्रीत आहे.

१७९१ साली फ्रान्समध्ये चर्चची ग्रंथालयं सरकारजमा झाली होती. लाखो पुस्तकांची यादी करायची होती आणि कागदाची टंचाई होती. तेव्हा खेळण्यातले पत्ते वापरावेत असा हुकूम निघाला. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. त्या कोऱ्या पाठीवर ग्रंथनाम, लेखक, स्थळ असं लिहून गठ्ठे बांधले गेले. ग्रंथालयातल्या लाकडी खणांतल्या ज्या कार्डांवरून आपल्यातल्या अनेकांनी पुस्तकं शोधली, त्या कार्डांचा हा पूर्वज.

या घराण्यात सर्वांत मोठं स्वप्न पाहिलं ते ब्रुसेल्सच्या पॉल ऑत्ले यांनी. १८९५ साली त्यांनी आणि आंरी ला फोंतेन यांनी जगातल्या सगळ्या छापील ज्ञानाची एकच कार्डसूची करायला घेतली. पुढच्या चार दशकांत कार्डांची संख्या सव्वा कोटीच्या घरात गेली. तिथे टपालाने प्रश्न पाठवता येई. अमुक विषयावर काय लिहिलं गेलंय असं पत्र आलं की कर्मचारी खण उपसत, कार्डांच्या नकला करत आणि ठरलेली फी घेऊन त्या धाडत. जगभरातून माहितीचे प्रश्न घेणारी आणि उत्तरं देणारी ही व्यवस्था विजेशिवाय, केवळ पोस्टमनच्या पायांवर उभी होती. १९४० मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम घेतलं, संग्रहाची जागा रिकामी करून घेतली गेली आणि त्यातला बराच ऐवज नष्ट झाला. ऑत्ले १९४४ साली गेले. उरलेला संग्रह आज बेल्जियममधल्याच मोंस शहरात जपला आहे.

तळटीप उलटी वाचली तेव्हा

इथवरच्या सगळ्या सूच्या एकाच प्रश्नाचं उत्तर देत होत्या : या विषयावर काय आहे? दुसरा एक प्रश्न वकिलांनी आधी विचारला, कारण त्यांच्या पोटाशी तो जोडलेला होता. जुन्या निकालाचा आधार घेऊन न्यायालयात उभं राहायचं, तर तो निकाल नंतर कुणी फिरवला तर नाही ना, हे माहीत हवं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून यावर तोडगा काढला. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या खटल्यांत झाला हे छापलेल्या डिंकाच्या चिठ्ठ्या ते विकू लागले. वकील त्या आपल्या निकालपत्रांच्या समासात चिकटवत. पुढे त्यांचे ग्रंथ झाले.

१९५३ साली विल्यम अडेअर यांनी एक पत्र लिहिलं. ते या शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झाले होते. पत्र गेलं यूजीन गारफील्ड या तरुणाला. गारफील्ड तेव्हा वैद्यकीय लेखांच्या सूचीकरणावर काम करत होते आणि विषयवार मथळे लावण्याच्या पद्धतीवर असमाधानी होते. मथळा लावणाऱ्याला लेख जेवढा कळला तेवढाच तो पुढच्याला सापडणार, ही अडचण होती. वकिलांची रीत समजल्यावर वाट दिसली. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी विज्ञानासाठी अशाच संदर्भसूचीची कल्पना मांडली.

कल्पना सांगायला सोपी आहे. कोणत्याही शोधनिबंधाखालच्या तळटिपा त्या निबंधाचे पूर्वज सांगतात. या निबंधाच्या आधी कोण होऊन गेलं हे त्यांवरून कळतं. हजारो निबंधांच्या तळटिपा गोळा करून उलट्या लावल्या, तर प्रत्येक निबंधाचे वंशज दिसू लागतात. १९३० सालचा निबंध हातात धरून १९६० पर्यंत त्याचा आधार कुणी घेतला, कुणी तो खोडून काढला, हे शोधता येतं. विषयाचा शब्द माहीत नसला तरी चालतं. एक माणूस ओळखीचा असला की त्याच्या नात्यागोत्यातून अख्खं गाव कळतं, तसंच हे.

फिलाडेल्फियातल्या गारफील्ड यांच्या संस्थेने १९६३ साली पहिला मोठा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापला. १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांमधले १४ लाख संदर्भ त्यात होते. एकेक संदर्भ माणसांनी वाचून पंचकार्डांवर उतरवला, मग यंत्राने तो लावला. ग्रंथातली अक्षरं मुंगीएवढी होती, तरी संशोधक ते डोळ्यांशी धरून वाचत.

यात गारफील्ड यांनी एक निवड केली होती आणि आपल्या दृष्टीने ती निर्णायक ठरली. जगातली सगळी नियतकालिकं घेणं परवडणारं नव्हतं. सॅम्युएल ब्रॅडफर्ड या ग्रंथपालाने १९३४ मध्ये दाखवून दिलं होतं की कोणत्याही विषयातलं बरंचसं महत्त्वाचं लेखन थोड्याच नियतकालिकांत एकवटलेलं असतं. म्हणून गाभा घ्यायचा, कड सोडायची असं ठरलं. गाभा कोणता हे संदर्भांच्या संख्येवरून ठरत गेलं. त्यात इंग्रजी आणि पाश्चात्य नियतकालिकं आली. कडेला जे राहिलं ते मोजलं गेलं नाही, आणि जे मोजलं गेलं नाही ते पुढे असून नसल्यासारखं झालं.

पदार्थवैज्ञानिकांचं टपाल

संगणक आले तरी शोध महागच होता. लॉकहीड कंपनीत रॉजर समिट यांनी उभी केलेली ‘डायलॉग’ ही सेवा १९७२ पासून पैसे भरून वापरता येऊ लागली. पैसे जोडणीच्या वेळेवर लागत, म्हणून प्रश्न आधी कागदावर नीट घडवावा लागे. कोणता शब्द ‘आणि’ने जोडायचा, कोणता ‘किंवा’ने, हे ग्रंथपाल संशोधकाशेजारी बसून ठरवत आणि मगच दूरध्वनीची जोडणी लावत. प्रश्न घडवण्याची ती शिस्त आपण गमावली याची मला मनापासून हळहळ वाटते. चौकट फुकट झाली आणि आपण प्रश्नावर विचार करणं सोडून दिलं.

इंटरनेट आणि संशोधन यांची खरी गाठ पदार्थविज्ञानाने मारली. कणभौतिकीतले लोक निबंध छापून येण्याची वाट पाहत नसत. टंकलिखित प्रती एकमेकांना टपालाने पाठवत. मोठ्या संस्थांना त्या लगेच मिळत, लहान संस्थेला आणि दूरच्या देशाला उशिरा, किंवा मिळतच नसत. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या ग्रंथपालांनी अशा प्रतींची सूची ठेवली होती आणि १९७० च्या दशकात ती संगणकावर नेली होती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेब घडवलं, ते पाहून स्लॅकचे पॉल कुन्झ परतले आणि ग्रंथपाल लुईस ॲडिस यांच्या उत्साहाने डिसेंबर १९९१ मध्ये ही सूची वेबवर आली. युरोपबाहेरचा तो पहिला वेब सर्व्हर. या नव्या जाळ्याचा उपयोग काय, या प्रश्नाला अमेरिकेत मिळालेलं पहिलं उत्तर एक ग्रंथसूची होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दुसरी एक गोष्ट घडली आणि तिचा एक धागा मुंबईत आहे. जोअन कोन या भौतिकशास्त्रज्ञ सहकाऱ्यांना नव्या निबंधांच्या संगणकीय प्रती ईमेलने पाठवत. ॲस्पेनमधल्या एका भेटीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले स्पेन्टा वाडिया यांनी आपली अडचण बोलून दाखवली : आपण प्रवासात असताना या निबंधांनी संगणकावरची आपल्या वाट्याची जागा भरून जाईल. पॉल गिन्स्पार्ग तिथे होते. निबंध प्रत्येकाच्या दारात टाकण्याऐवजी एका जागी ठेवावेत आणि ज्याला हवे त्याने मागून घ्यावेत, ही व्यवस्था त्यांनी उभी केली. १४ ऑगस्ट १९९१ ला लॉस ॲलामॉसमधल्या संगणकावर ती सुरू झाली. वर्षाला शंभरेक निबंध येतील असा त्यांचा अंदाज होता. पहिल्या सहा महिन्यांतच चारशे आले. हेच आजचं ‘अर्काइव्ह’. २०२२ च्या सुरुवातीला त्यातल्या निबंधांनी वीस लाखांचा टप्पा ओलांडला. मुंबईतला आणि प्रिन्स्टनमधला संशोधक एकच निबंध एकाच दिवशी वाचू लागले, ते या व्यवस्थेमुळे.

खरगपूरची पत्रं

स्टॅनफर्डमध्ये गूगलचे भावी संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन वेबवरची पानं कशी क्रमाने लावावीत याचा विचार करत होते. त्यांचा प्रकल्प डिजिटल ग्रंथालयांच्या संशोधनातून निघाला होता. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणं म्हणजे संदर्भ देणं, आणि मान्यवराने दिलेल्या संदर्भाचं वजन जास्त, हे तत्त्व त्यांनी घेतलं. ‘पेजरँक’ या क्रम लावण्याच्या पद्धतीवरच्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सायटेशन’ हा शब्द आहे. शेपर्डची डिंकाची चिठ्ठी, गारफील्डची उलटी तळटीप आणि गूगल अशा तीन पिढ्या इथे एका रेषेत येतात.

ही रेषा पुन्हा विद्येकडे वळवली ती अनुराग आचार्य यांनी. खरगपूरच्या आयआयटीत शिकत असताना हवा असलेला निबंध ग्रंथालयात नसला की ते लेखकाला पत्र लिहीत. साधारण निम्म्या जणांकडून काही ना काही येई. आचार्यांनी सांगितलेली खरी अडचण निराळी होती. जे अस्तित्वात आहे हे माहीत आहे, ते मागता येतं. जे आहे हेच ठाऊक नाही, ते मागणार कसं? अॅलेक्स व्हर्स्टाक यांच्यासह त्यांनी घडवलेलं गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये खुलं झालं. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला आपल्या विषयात जगात काय चाललंय ते पहिल्यांदाच घरबसल्या दिसू लागलं.

दिसू लागलं, पण वाचायला मिळेना. सारांशापाशी दार बंद, आत जायचं तर डॉलरांत पैसे. त्या दाराशी आपल्याकडे बराच काळ झगडा चालला आहे, आणि त्याची एक सुरुवात पुण्यात आहे. विद्यापीठांची ग्रंथालयं संगणकाने जोडणारा ‘इन्फ्लिबनेट’ हा उपक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केला तो ‘आयुका’च्या छत्राखाली. जयंत नारळीकरांनी नावारूपाला आणलेली खगोलशास्त्राची ही संस्था ग्रंथालयांच्या जाळ्याचंही माहेर आहे. १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र झालं, आज ते गांधीनगरला आहे. पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात देण्याचा नियम २००९ साली आला आणि ‘शोधगंगा’ उभी राहिली. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही वाचता येतात. विद्यापीठाच्या कपाटात धूळ खाणारा प्रबंध आता कुणीही उघडून तपासू शकतं, आणि चोरी झाली असेल तर तीही उघडी पडते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना प्रवेश. मोठी गोष्ट आहे, आणि तिचा लाभ प्रत्येक विद्यार्थ्याने हक्काने घ्यावा. मात्र त्या दारातून आत गेल्यावर जे फडताळ दिसतं त्यात मराठी शोधत बसाल, तर हात रिकामा येईल.

आमच्या वहीत काय आहे?

या कुळाची मराठी शाखा दुबळी नव्हती. शंकर गणेश दाते हे नाव आज फार जणांना माहीत नाही. या माणसाने गावोगावची ग्रंथालयं पालथी घातली, पुस्तकं हाताळली, नोंदी केल्या आणि १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची वर्गीकृत सूची सिद्ध केली. पुढे १९३८ ते १९५० चा भागही केला. मागे विद्यापीठ नव्हतं, पगार नव्हता. ऑत्लेंच्या स्वप्नाचा आकार मोठा होता, निष्ठा मात्र दात्यांची तसूभरही कमी नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी छापील पुस्तकावर काम करणाऱ्याला आजही दात्यांच्या दारावरून जावं लागतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून दप्तरं मिळवून ती १८९८ पासून खंडांमागून खंड छापली. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली आणि ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. नोंद करण्याची आणि पाठ ताडून पाहण्याची शिस्त आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती.

तुटलं ते पुढे. संगणक आला तेव्हा आपण मराठी टंकलं, पण ज्या फॉन्टांत टंकलं त्यांच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत होते. पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ दिसे, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ वाटे. अशा फायलींतले असंख्य लेख आणि प्रबंध जालावर असूनही शोधात येत नाहीत. काही प्रबंध नुसत्या पानांच्या छायाप्रती आहेत, त्यांतली अक्षरं यंत्र वाचत नाही. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांची तर गोष्टच वेगळी. त्यांची छायाचित्रं काढली तरी मोडी जाणणाऱ्या माणसाने वाचून नोंद केल्याशिवाय कुठल्याही चौकटीला त्यांतलं एक नाव सापडणार नाही. वाईचं ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, आणि ज्यांत कितीतरी अस्सल संशोधन प्रथम छापलं गेलं ते दिवाळी अंक, यांतले संदर्भ गारफील्डच्या वाटेने कुणी उलटे लावलेले नाहीत. म्हणून मराठी निबंधाचे पूर्वज कळतात, वंशज कळत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी वाईत कुणी सिद्ध केलेलं आज नागपुरात कुणी नव्याने सिद्ध करत बसतं, आणि दोघांचीही मेहनत एकमेकांना पोहोचत नाही.

या पोकळीत आता दुसरं काही शिरलं आहे. प्रश्न विचारला की सफाईदार उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम कधी कधी अस्तित्वात नसलेले निबंध लेखकाच्या नावासह आणि सालासह सांगतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले आधार म्हणून सादर केले होते. शेपर्डच्या चिठ्ठ्या ज्या पेशासाठी जन्मल्या, त्याच पेशात हे घडलं. ज्या भाषेत नोंदी विरळ, तिथे खोटा पूर्वज चिकटवणं आणखी सोपं, कारण ताडून पाहायला वहीच नाही.

उपाय माझ्या मते मोठ्या योजनांच्या आधी रोजच्या कामात आहे. आपल्या प्रबंधाची संदर्भसूची युनिकोडमध्ये द्यावी. लेखकाचं नाव, शीर्षक, अंक, वर्ष, पृष्ठ एकाच रीतीने लिहावं, म्हणजे यंत्रालाही ते जुळवता येईल. मराठी लेखाचा आधार घेतला असेल तर इंग्रजी निबंधात तो मराठी लेखाच्या नावानेच नोंदवावा, लाजून गाळू नये. मराठी विभागात दर वर्षी जे विद्यार्थी येतात त्यांपैकी प्रत्येकाने गावच्या ग्रंथालयातल्या एका नियतकालिकाच्या एका वर्षाची लेखसूची केली, तर दहा वर्षांत दात्यांची वही बरीच पुढे सरकेल. गेसनरकडे कात्री होती, फ्रान्सच्या कारकुनांकडे पत्ते. आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहे.

रामकुंडावर आपले पूर्वज पाहून कुणी सही न करता उठत नाही. उपाध्ये उठूच देत नाहीत. चौकटीतून हवं ते मिळवून आपण मात्र रोज तसेच उठतो. यापुढे उठण्याआधी एक ओळ लिहू या, तारखेसह.